पक्षाघात : धमनीतील अस्थिर थराची भूमिका

छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने झाला होता. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू वर्गाचा आजार आहे, ही समजूत त्यामुळे मोडीत निघाली.

मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्याने किंवा तिच्यातील रक्तप्रवाह अडल्याने पक्षाघात होतो. प्रवाह अडण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे धमनीच्या भिंतीत साचणारा मेदयुक्त थर, अर्थात प्लाक. गंजलेला नळ हळूहळू बुजावा तशी धमनी बंद होते, हे नेहमीचे उदाहरण सोयीचे असले तरी अपुरे आहे. धमनी किती अरुंद झाली यापेक्षा थराची घडण कशी आहे, हे पुष्कळदा अधिक निर्णायक ठरते.

उच्च रक्तदाब, तंबाखू व मधुमेह यांमुळे धमनीच्या अस्तराला इजा पोहोचते आणि घातक कोलेस्टेरॉल (एलडीएल) भिंतीत शिरते. ते गिळण्यासाठी आलेल्या श्वेतपेशी मेदाने फुगतात व तेथेच मरतात. त्यांच्या अवशेषांतून मऊ गाभा तयार होतो. स्नायूपेशी त्यावर कोलॅजेन या प्रथिनाचे आवरण विणतात. आवरण जाड असेल तर थर वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहू शकतो. परंतु दाह वाढला की श्वेतपेशींतून स्रवणारी विकरे हेच कोलॅजेन विरघळवितात, आवरण झिजते. थरात उगवलेल्या नाजूक केशवाहिन्या फुटून आत रक्तस्राव झाल्यास गाभा आणखी फुगतो. अखेर आवरण फाटते, गाभ्याचा रक्ताशी संपर्क येतो आणि काही मिनिटांत गुठळी बनू लागते. मानेतील कॅरोटिड धमनी जेथे दुभागते तेथे असे घडल्यास गुठळीचा तुकडा थेट मेंदूकडे वाहून जातो.

स्टॅटिन औषधांचा लाभही यातूनच उलगडतो. थराचा आकार फारसा न घटताही त्यांच्यामुळे दाह कमी होतो, आवरण बळकट होते. शस्त्रक्रियेचा निर्णय मात्र दीर्घकाळ अरुंदतेवरच बेतलेला राहिला : १९९१ च्या उत्तर अमेरिकेतील चाचणीत, लक्षणे दिसलेल्या व ७० टक्के वा अधिक अरुंद कॅरोटिड असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेचा स्पष्ट लाभ दिसला. थराच्या आतील रक्तस्राव एमआरआयने दिसू शकतो; पण ही तपासणी खेड्यापासून दूरच.

रक्तदाब मोजणे तुलनेने स्वस्त आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा भर त्यामुळेच तपासणीवर आहे. क्षणभर तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे आणि पुन्हा सारे पूर्ववत होणे, हा थर फाटल्याचा इशारा असू शकतो. गुठळी विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रायपूरनजीकच्या अभनपूरहून मोठे रुग्णालय या वेळेत गाठता येते. गडचिरोलीच्या जंगलातील गावाहून ते कठीण. ‘सर्च’च्या अभ्यासातील पक्षाघाताचे बहुतेक मृत्यू घरीच झाले होते.