जुन्या क्लॅरिनेटमधील फेरबदल

क्लॅरिनेट हे एका पत्तीचे सुषिर वाद्य आहे. ब्रिटिश लष्करी बँडमार्फत ते भारतात आले व महाराष्ट्रातील लग्नाच्या बँडपथकांत रुजले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अनेक ब्रिटिश क्लॅरिनेट ‘ए’ हा स्वर सुमारे ४५२ हर्ट्झ धरून घडवलेली असत; आजचे प्रमाण ४४० हर्ट्झ आहे. अशा वाद्याची नळी आखूड असते. स्वर उतरवण्यासाठी तोंडाच्या भागाखालील बॅरल बदलून लांब बॅरल बसवले जाते. मात्र त्यामुळे वरच्या छिद्रांचे स्वर खालच्यांपेक्षा अधिक उतरतात आणि स्वरांतरे बिघडतात. म्हणून जुने वाद्य तपासताना बॅरल व इतर भागांवरील निर्मात्याची मुद्रा आणि लाकूड जुळते का, हे पाहिले जाते. न जुळणारा भाग नंतरच्या फेरबदलाचा पुरावा असू शकतो. नोंद न करता तो काढल्यास वाद्याच्या वापराचा इतिहास पुसला जातो.