दाब का पडला? एका बिघाडाचे तर्कशास्त्र

मागच्या वेळी आपण अनुमानाविषयी बोललो. धूर दिसला की अग्नी आहे असं म्हणता येतं, पण अग्नी दिसला म्हणून धूर असेलच असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं, आणि या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. आता वर्गाबाहेर याचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आपण एक यंत्र घेऊ.

समजा, सिएटलहून अलास्काकडे निघालेली एक प्रवासी मोटरबोट आहे. वाटेतलं बरंचसं पाणी बेटांच्या आडोशाला असतं. पण व्हँकुव्हर बेटाचं उत्तर टोक ओलांडलं की क्वीन शार्लट साउंड लागतो, आणि तिथे पॅसिफिकच्या लाटा थेट येतात. अशा वेळी बोट डावी-उजवीकडे फार डोलू नये म्हणून तिच्या पोटाला दोन्ही बाजूंना एकेक पंख बसवलेला असतो. यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. बोट कलायला लागली की संवेदक ते ओळखतो, व्हॉल्व्ह उघडतो, तेलाच्या दाबाने सिलिंडर पंख फिरवतो आणि पाण्याचा प्रवाह बोटीला उलट बाजूला रेटतो. इंग्लिश खाडीत चालणाऱ्या ‘आइल ऑफ सार्क’ या जहाजावर १९३६ साली असे पंख बसवले गेले; आज ते लहान बोटींवरही दिसतात.

आता बिघाड बघा. नेमलेला दाब १०० बार आहे, असं धरू. सकाळी काटा जागेवर होता. दोन तासांनी तो ६० वर आला, पंख सुस्तावले, आणि तेलाचं तापमान चढलेलं आहे. पहिली प्रतिक्रिया काय होते? ‘पंप गेला.’ पंप दाब तयार करतो, दाब नाही, म्हणून पंप नाही. ऐकायला सरळ वाटतं, पण यातलं पहिलंच विधान चुकीचं आहे. पंप दाब तयार करत नाही, तो प्रवाह देतो. त्या प्रवाहाला वाट अडली की दाब निर्माण होतो. बागेतल्या पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून बघा, लगेच कळेल. तेव्हा दाब पडला याचे दोन अर्थ होऊ शकतात: प्रवाह कमी झाला, किंवा तेलाला कुठेतरी सोपी पळवाट मिळाली.

त्याआधी एक प्रश्न उरतो. काटा खरं बोलतोय का? ज्ञानाचं प्रामाण्य स्वतःच सिद्ध असतं असं मीमांसक म्हणतात. ते दुसऱ्या मार्गाने तपासावं लागतं असं नैयायिक म्हणतात. इंजिनरूममध्ये आपण नैयायिकांच्या बाजूने उभं राहावं. दुसरा दाबमापक लावून पाहावा.

मग सोप्या गोष्टी. टाकीत तेल पुरेसं आहे का? फेस दिसत असेल तर शोषणाच्या बाजूने हवा शिरते आहे. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळलं आहे, आणि कूलर फुटल्याचा संशय घ्यावा. शोषणाची जाळी तुंबली आहे का? एकच पंख सुस्त आहे की दोन्ही? एकच असेल तर दोघांच्या सामाईक पंपावर आळ घेण्याआधी त्या बाजूचा व्हॉल्व्ह आणि सिलिंडर पाहावा. काटा एकाएकी उड्या मारत असेल तर ॲक्युम्युलेटरमधला नायट्रोजन कमी झाला असण्याची शक्यता आहे.

समजा, हे सगळं ठीक आहे. आता खरा पेच येतो. तेल तापलं आहे आणि दाब कमी आहे. पण यात कारण कोणतं आणि कार्य कोणतं? कूलरला समुद्राचं पाणी नीट मिळत नसेल तर तेल तापतं, पातळ होतं, सुट्या भागांच्या फटींतून जास्त झिरपतं आणि दाब पडतो. इथे उष्णता हे कारण. उलट, रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे अर्धवट उघडा राहिला असेल, तर दाबाखालचं तेल काहीही काम न करता टाकीत परततं, आणि त्याची सगळी शक्ती उष्णतेत जाते. इथे उष्णता हे कार्य. लक्षणं दोन्हीकडे तीच.

म्हणून असं लक्षण शोधायचं, जे एकाच कथेत बसेल. कूलरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या तेलाचं तापमान मोजा, समुद्राचं पाणी किती पडतंय ते बघा. पाणी भरपूर आणि बाहेरचं तेल स्पष्टपणे थंड, तर कूलर निर्दोष. मग रिलीफ व्हॉल्व्हची टाकीकडे जाणारी नळी बघा. दाब त्याच्या नेमलेल्या मर्यादेखाली असताना त्यातून तेल जाता कामा नये. ती नळी आजूबाजूच्या नळ्यांपेक्षा गरम असेल, तर चोर तिथे आहे. तिथेही नसेल, तर पंपाच्या आतल्या गळतीची नळी मोजावी. ती उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तेव्हाच ‘पंप झिजला’ म्हणावं. याला आपल्याकडे परिशेष म्हणतात: एकेक शक्यता वगळत शेवटी उरते ती.

इथे दोन मोह टाळायचे. एक, रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून काटा वर आणायचा. याने आकडा सुधारेल, कारण तसंच राहील. दुसरा, फिल्टर, व्हॉल्व्ह आणि पंप एकाच दिवशी बदलायचे. बिघाड जाईल कदाचित, पण कशाने गेला ते कळणार नाही. अन्वय-व्यतिरेक एका वेळी एकाच बदलाने साधतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३च्या ग्रंथात मांडलेल्या भेदपद्धतीचा गाभाही तोच.

आणि जिवाचा प्रश्न आहे म्हणून हे नीट ऐका. नळीला बारीक भोक पडलं तर तिथून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. म्हणून गळती हाताने कधीही चाचपायची नाही, पुठ्ठा धरून पाहायची. इंजिन बंद केलं तरी ॲक्युम्युलेटरमध्ये दाब साठलेला असतो. तो पूर्ण सोडल्याशिवाय एकही जोड सैल करू नये. त्यात फक्त कोरडा नायट्रोजन भरावा, ऑक्सिजन कदापि नाही. तेलाशी त्याचा स्फोट होऊ शकतो. आणि भर समुद्रात दाब गेला, तर उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे पंख मधोमध आणून कुलूपबंद करावेत, वेग आणि दिशा बदलून डोलणं कमी करावं, आणि शोध आडोशाच्या पाण्यात पोहोचल्यावर करावा. अनुमानाला शांत डोकं लागतं. ते डोलणाऱ्या इंजिनरूममध्ये मिळत नाही.

पुढच्या वेळी आपण उपाधीचाच विषय पुढे नेऊ, पण उदाहरण वैद्यकातलं असेल.