विश्लेषण : संग्रहालयातील वस्तूंचा ‘सातबारा’ कोण सांभाळतो? क्युरेटर दिवसभर नेमके काय करतात?

काचेच्या कपाटातील तलवार किंवा पैठणी पाहायला आपण दोन मिनिटे थांबतो आणि पुढे जातो. ती वस्तू तिथे सुस्थितीत राहावी, तिची ओळख हरवू नये, यासाठी पडद्यामागे एक माणूस वर्षानुवर्षे राबत असतो. त्याला क्युरेटर म्हणतात. हे काम ढिले पडले तर काय होते, हे लंडनमध्ये २०२३ मध्ये उघडकीस आलेल्या एका चोरीने दाखवून दिले.

ब्रिटिश म्युझियममध्ये काय घडले?

ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने संग्रहातील काही वस्तू गहाळ झाल्याचे, चोरीला गेल्याचे किंवा खराब झाल्याचे जाहीर केले आणि एका कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढून टाकले. अशा वस्तूंची संख्या सुमारे दोन हजार असल्याचे नंतर समोर आले. त्यात सोन्याचे दागिने आणि कोरीव रत्नांसारख्या लहान वस्तू होत्या. त्या दालनात नव्हत्या, गोदामात होत्या.

डेन्मार्कमधील पुरावस्तूंच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन विक्रीला आलेल्या वस्तूंबाबत संग्रहालयाला २०२१ मध्येच सावध केले होते. त्या इशाऱ्याची वेळीच नीट दखल घेतली गेली नाही. अखेर संचालक हार्टविग फिशर यांनी राजीनामा दिला.

यातील कळीचा मुद्दा चोरीपेक्षाही नोंदीचा होता. गहाळ वस्तूंपैकी अनेकांची पूर्ण नोंदच झालेली नव्हती. वस्तू होती याचा कागद नसेल, तर ती गेली हे सिद्ध कसे करणार? आणि सापडली तरी ती आपलीच आहे, हे कशाच्या आधारे सांगणार?

क्युरेटर म्हणजे नेमके कोण?

राज्य सरकारच्या वस्तुसंग्रहालयांत या पदाला ‘अभिरक्षक’ म्हणतात. अभिरक्षा म्हणजे ताबा आणि राखण. वस्तूवर संशोधन करणे, संग्रहात काय घ्यायचे ते ठरवणे, प्रदर्शनाची मांडणी करणे, पाट्यांवरील मजकूर लिहिणे ही क्युरेटरची कामे आहेत. खराब झालेल्या वस्तूवर प्रत्यक्ष उपचार करणारा संवर्धनतज्ज्ञ वेगळा असतो. मोठ्या संग्रहालयांत दोघे स्वतंत्र असतात. लहान संग्रहालयांत मात्र नोंदवहीपासून शाळांच्या सहलींपर्यंत सगळे एकाच माणसाच्या गळ्यात पडते.

या विषयाचे रीतसर शिक्षण मिळते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो.

वस्तूचा ‘सातबारा’ कसा तयार होतो?

संग्रहालयात आलेल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक मिळतो. अनेक ठिकाणी त्याचे तीन भाग असतात. उदाहरणार्थ, २०२४.१५.३ म्हणजे २०२४ मध्ये आलेल्या पंधराव्या संचातील तिसरी वस्तू. नोंदीत वस्तूचे नाव, माप, वजन, साहित्य, कोणाकडून आली, दान की खरेदी, सध्या कोणत्या कपाटात आहे आणि तिची अवस्था कशी आहे, हे लिहिले जाते. सोबत छायाचित्रे असतात. कुठे तडा आहे, कुठला कोपरा तुटला आहे, तेही टिपले जाते.

वस्तूवर क्रमांक घालण्याचीही पद्धत आहे. धातू किंवा दगडावर आधी पारदर्शक लेपाचा थर देतात, त्यावर बारीक अक्षरात क्रमांक लिहून वर पुन्हा लेप देतात. हा लेप पुढे कधीही द्रावकाने काढता येतो. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून ती टाक्यांनी शिवतात, तर कागदावर मऊ पेन्सिल वापरतात. पुढच्या पिढीला मागे घेता येणार नाही असे काहीही वस्तूवर करायचे नाही, हा या व्यवसायाचा मूळ नियम आहे.

यानंतर ठरावीक काळाने नोंदवही हातात घेऊन कपाटे उघडायची आणि वस्तू जागेवर आहे का, ते प्रत्यक्ष पाहायचे. हे काम कंटाळवाणे असते आणि म्हणूनच ते मागे पडते. ब्रिटिश म्युझियमला फटका बसला तो नेमका इथे.

पावसाळ्याची धास्ती का असते?

क्युरेटरची सकाळ बहुतेक वेळा दालनांच्या फेरीने सुरू होते. कपाटात बसवलेल्या यंत्रावरील तापमान आणि आर्द्रतेचे आकडे पाहायचे, लाकडी वस्तूंखाली ताजा भुगा पडला आहे का ते तपासायचे. असा भुगा दिसला, तर आत कीड जिवंत असल्याची शक्यता असते.

सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली, की कागद आणि कापडावर बुरशी वाढू लागते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाते. त्याहून घातक असतात चढउतार. दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद असेल, तर लाकूड रोज फुगते आणि आकसते. त्यावरचा रंग काही वर्षांत सुटू लागतो. त्यामुळे खूप थंड हवेपेक्षा स्थिर हवा महत्त्वाची ठरते.

पोथ्या कापडात घट्ट बांधून ठेवणे, सोबत वेखंड किंवा कडुलिंबाचा पाला ठेवणे, हे आपल्याकडचे जुने उपाय. आज त्यांच्या जोडीला कीड लागलेली पुस्तके किंवा कापड सीलबंद करून उणे २० अंश किंवा त्याखाली गोठवणे, बंद आवरणातील ऑक्सिजन काढून कीड मारणे, असे रसायनांशिवायचे मार्ग वापरले जातात.

दालनात उजेड इतका कमी का?

अनेक प्रेक्षकांची ही तक्रार असते. त्यामागे साधा हिशोब आहे. प्रकाशाची तीव्रता ‘लक्स’मध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात ती एक लाख लक्सच्या आसपास असते. लघुचित्रे, हस्तलिखिते आणि वस्त्रे यांच्यासाठी साधारण ५० लक्सची मर्यादा पाळली जाते. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतात.

प्रकाशाने होणारे नुकसान साठत जाते. ५० लक्स, रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले, तर एकूण मात्रा १ लाख २० हजार लक्स-तास होते. तीच पैठणी २०० लक्सखाली ठेवली, तर वर्षभराची मात्रा ७५ दिवसांत संपते. उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून नाजूक वस्तू काही महिने दालनात आणि नंतर अंधारात विश्रांतीला, असा क्रम लावला जातो.

तांब्या-पितळेच्या मूर्ती घासत का नाहीत?

घरी आपण चिंच-मीठ लावून देवघरातील भांडी लख्ख करतो. संग्रहालयात असे करत नाहीत. प्रत्येक घासणीबरोबर धातूचा बारीक थर निघून जातो आणि कोरीव रेषा बोथट होतात. शिवाय मूर्तीवरचे कुंकू किंवा तेलाचे अंश हा ती पूजेत होती याचा पुरावा असतो. मात्र ब्राँझवर हिरवट, भुकटीसारखे ठिपके दिसले, तर ती धोक्याची खूण ठरते. धातूतील क्लोराइड आणि हवेतील ओलावा यांच्या अभिक्रियेने तो भाग आतून पोखरला जातो. अशी वस्तू लगेच वेगळी करून कोरड्या हवेत ठेवावी लागते.

वाघनखांच्या निमित्ताने काय दिसले?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणण्याचा करार २०२३ मध्ये झाला. जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवण्यात आली. दोन संग्रहालयांत वस्तू उसनी दिली जाते, तेव्हा निघताना आणि पोहोचल्यावर तिच्या अवस्थेचा अहवाल तयार होतो. पेटी सहसा लगेच उघडत नाहीत. नव्या हवेची सवय व्हावी म्हणून ती साधारण दिवसभर तशीच ठेवली जाते.

पण सर्वांत अवघड काम पाटी लिहिण्याचे होते. ही वाघनखे साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफ यांच्याकडे होती. अफजलखानाच्या भेटीत वापरलेली ती हीच का, याची खात्री देता येत नाही, अशी भूमिका लंडनच्या संग्रहालयाने मांडली होती. त्यावरून राज्यात वादही झाला. क्युरेटरला श्रद्धा दुखावायची नसते आणि पुराव्यापलीकडेही जायचे नसते. वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी जिथे तुटते, तिथे ‘असे मानले जाते’ हे शब्द लिहावेच लागतात.

गोदामातील वस्तूंचे काय?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण बोलके आहे. दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या स्मरणार्थ अडकित्ते, दिवे, वाद्ये, दरवाजे असा संसारातील वस्तूंचा संग्रह उभा केला आणि तो राज्य सरकारला दिला. २० हजारांहून अधिक वस्तूंपैकी सुमारे अडीच हजारच प्रदर्शनात मांडता येतात. बहुतेक मोठ्या संग्रहालयांत हेच चित्र असते. प्रेक्षक पाहतो त्याच्या कित्येक पट ऐवज बंद दाराआड असतो आणि तिथे लक्ष ठेवायला प्रेक्षकांचे डोळे नसतात.

उपाय काय?

ब्रिटिश म्युझियमने चोरीनंतर पाच वर्षांत संपूर्ण संग्रहाच्या नोंदी डिजिटल करण्याचे जाहीर केले. भारतात पुण्याच्या ‘सी-डॅक’ने यासाठी ‘जतन’ नावाची संगणकप्रणाली तयार केली आहे. तिच्या आधारे राष्ट्रीय पातळीवरील संग्रहालयांतील वस्तूंची माहिती आणि छायाचित्रे ऑनलाइन खुली झाली. नोंद सार्वजनिक झाली, की चोरीची वस्तू विकणे कठीण होते, कारण ती कोणीही ओळखू शकतो.

मात्र प्रणाली आपोआप भरली जात नाही. कपाट उघडून, वस्तू दोन्ही हातांनी उचलून, मोजून, छायाचित्र काढून माहिती भरणारा माणूस लागतो. संग्रहालयाची नवी इमारत बातमीत येते, अभिरक्षकाचे रिक्त पद येत नाही. पण ते पद भरले नाही, तर नव्या इमारतीत नेमके काय ठेवले आहे, हे सांगणाराच कोणी उरणार नाही.