धागा नव्हे, पकड सुटली

मेसमधल्या रिकाम्या पोत्यातून तागाचे धागे काढून आम्ही विज्ञान मंडळात पॉलिएस्टर रेझिनची एक पट्टी बनवली. दोन स्टुलांवर आडवी ठेवून तिला वजने टांगली, तर ती लगेच मोडली. मला वाटले, तागच कच्चा. सरांनी मोडलेली कड भिंगातून पाहायला सांगितली. धागे तुटलेच नव्हते! ते रेझिनमधून अख्खे निसटून बाहेर आले होते. म्हणजे दोष धाग्याचा नव्हता, पकडीचा होता.

पकड का सुटते? तागाचा धागा म्हणजे सेल्युलोजच्या बारीक तंतूंची जुडी. लिग्निन, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन या जुडीला बांधून ठेवतात. वर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे रेझिन नीट चिकटत नाही. शिवाय ताग ओलावा शोषतो, रेझिनचे मात्र पाण्याशी जमत नाही.

यावर उपाय कॉस्टिक सोड्याचा. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८४४ मध्ये सुतावर त्याचा परिणाम पाहिला. त्याच्या नावावरून या क्रियेला 'मर्सरायझेशन' म्हणतात. आम्ही हातमोजे आणि चष्मा घालून, सरांसमोर, ५ टक्के द्रावणात धागे दोन तास बुडवले. मग पाण्याने धुतले, उरलेला सोडा मारण्यासाठी सौम्य ॲसिटिक आम्लातून काढले, पुन्हा धुऊन वाळवले. सोड्याने मेण आणि बरेचसे हेमिसेल्युलोज निघून जाते, तंतू मोकळे होतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. त्या खाचांत रेझिन शिरून घट्ट बसते. दुसऱ्या पट्टीने पहिलीपेक्षा जास्त वजन पेलले. शेवटी ती मोडली तेव्हा बहुतेक धागे तडेच्या जागीच तुटले होते.

मग मला हाव सुटली. तिसऱ्या वेळी द्रावण दुप्पट तीव्र केले आणि धागे रात्रभर ठेवले. सकाळी ते बोटांनीच तुटू लागले. अती झाले की सोडा धाग्याचाच जोर कमी करतो.

दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम कमी पडेल या भीतीने ब्रिटनमध्ये स्पिटफायर विमानाचा सांगाडा जवसाचे धागे आणि रेझिन वापरून प्रयोगादाखल बनवला होता. म्हणजे ही पोत्याची गोष्ट तशी लहान नाही.

सुट्टीत आजोबांना हे सांगितले. ते घायपाताच्या वाखाचे दोर वळायचे. ते हसून म्हणाले, "अरे, वाख डबक्यात चार दिवस जास्त राहिला, तर कुजतोच की! कधी काढायचा, ते कळलं पाहिजे."