परिचारिकेचा शीण

पारनेरच्या ग्रामीण रुग्णालयातून अत्यवस्थ रोगी नगरच्या जिल्हा रुग्णालयाकडे पाठविला जातो, ही वाट आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. तिच्या दोन्ही टोकांस रोग्याला प्रथम आधार देतो तो बहुधा परिचारिकेचा हात. तो हातच आज शिणला आहे, आणि त्याहून गंभीर गोष्ट ही की आपण हे काम कशासाठी करतो, असा प्रश्न तिच्या मनात उभा राहू लागला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची नोंद केली, ती रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणाचे फलित म्हणून. शक्ती संपणे, कामाविषयी तुटकपणा येणे आणि आपल्या हातून काही साधत नाही असे वाटणे ही तिची लक्षणे होत.

केवळ कष्टाने ध्येय मावळत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी हल्ल्यात जायबंदी झालेल्या आपल्या सहकारिणीची, अरुणा शानबाग यांची, १९७३ पासून २०१५ पर्यंत अखंड शुश्रूषा केली. मन खचते ते जबाबदारी पूर्ण आणि साधने अपुरी असतात तेव्हा.

२२ मार्च २०२० रोजी याच समाजाने थाळ्या वाजवून परिचारिकांचा गौरव केला. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागास आग लागली व त्या दिवशी ११ रोगी दगावले. पुढे काही दिवसांतच एक महिला डॉक्टर व तीन परिचारिका यांस अटक झाली. दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवावे. मृतांच्या आप्तांस न्याय मिळालाच पाहिजे. परंतु इमारतीतील अग्निरोधक व्यवस्था उभारणे हे परिचारिकेच्या अखत्यारीतील काम नव्हे, एवढे तरी आपण विसरू नये.

अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका असावी, हे प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेले आहे. ते पाळावे, रिक्त जागा भराव्यात, पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती द्यावी, आणि दुर्घटनेची चौकशी खाटेपाशी उभ्या असलेल्या माणसापाशीच थांबवू नये, ही आमची शासनाकडे मागणी आहे. सेवाव्रताची स्तुती करणे सोपे असते. ते व्रत चालविता येईल अशी व्यवस्था करणे हेच खरे ऋणमोचन होय.