परदेशच्या थंडीत तुळस का जाते?



आपल्या गावांतील कित्येक घरची मुले-मुली आज अमेरिका, इंग्लंड, जर्मनीकडे आहेत. खिडकीत हौसेने तुळस लावतात आणि डिसेंबर-जानेवारीत ती वाळते. मग इकडे आईच्या जिवाला घोर लागतो अन् तिकडे सुनेला बोल बसतो. यात अपशकुन काही नाही. कारण सरळ शेतीतले आहे, म्हणून आम्ही येथे सांगत आहोत.

तिकडे थंडीत घर दिवसरात्र तापवतात. शून्य अंशाची पूर्ण दमट हवादेखील 20 अंशांपर्यंत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता 100 वरून सुमारे 26 टक्क्यांवर येते. अशा हवेत पाने मलूल होतात, माती वरून कोरडी दिसते. माणूस म्हणतो, पाणी कमी पडलं. पण दिवस लहान, ऊन अपुरे; झाडाची वाढ मंदावलेली असते व मुळे पाणी थोडेच ओढतात. कुंडीत वाफसा राहत नाही, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. मूळ कुजले की पान पुन्हा सुकते आणि आपण आणखी पाणी घालतो! थंडीत उसाच्या पाण्याच्या पाळ्या लांबवा, असे आपण सांगतो. नियम तोच.

मुलांना पुढील गोष्टी कळवाव्यात :

1) बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे. पाणी बर्फगार नसावे. तळाला भोक हवेच. बशीत साठलेले पाणी ओतून टाकावे.

2) कुंडी दक्षिणेच्या खिडकीत ठेवावी, कारण त्या देशांत हिवाळ्याचे ऊन तिकडूनच येते. ऊन पुरत नसेल तर झाडांसाठीचा एलईडी दिवा रोज 12 ते 14 तास लावावा.

3) गरम हवेचा झोत झाडावर येऊ देऊ नये. रात्री पान थंड काचेला टेकू नये. तुळशीला 10 अंशांखालची थंडी सोसत नाही.

4) कोरड्या उबेत लाल कोळी वाढते. पानावर बारीक पिवळे ठिपके व खाली जाळी दिसली, की पानांची खालची बाजू कोमट पाण्याने धुवावी.

5) वाढ थांबलेली असताना खत देऊ नये. मंजिऱ्या वेळेवर खुडाव्यात.

एवढे करूनही जुनी, खोड लाकडासारखे झालेली तुळस जाऊ शकते. म्हणून उन्हाळ्यातच पिकलेल्या मंजिऱ्यांचे बी कागदात जपून ठेवावे व हवा उबदार झाली की पेरावे. इकडून माती मुळीच पाठवू नये. अमेरिकेत तिला बंदी आहे. बी न्यायचे तरी त्या देशाचा नियम आधी पाहावा.

तेव्हा तुळस वाळल्याचे कळले, तर सुनेला बोल लावण्याआधी एवढेच विचारावे : "पाणी किती घालतेस गं?"

— ऊस विकास अधिकारी