अडचणीचे दिवस आणि घरचे जनावर

घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की आपण जमाखर्चाची वही उघडतो आणि एकेका बाबीवर काट मारू लागतो. नाटक-सिनेमा बंद, नवे कपडे पुढच्या दिवाळीला. पण दाराशी शेपूट हलवीत बसलेल्या कुत्र्याचा खर्च कोणत्या सदरात घालावयाचा? चैनीच्या की घरखर्चाच्या?

याचे उत्तर अमेरिकेतील लोकांनी २००८ च्या मंदीत कसे दिले ते पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये तेथील बेकारी १० टक्क्यांवर गेली होती. तरीही पाळीव प्राण्यांच्या धंद्यातील व्यापारी संघाच्या आकड्यांप्रमाणे, त्या प्राण्यांवरील एकूण खर्च २००८ साली ४३ अब्ज २० कोटी डॉलर होता, तो २००९ साली ४५ अब्ज ५० कोटींवर गेला. व्यापाऱ्यांनी आनंदाने म्हटले, "या धंद्याला मंदी नाही!"

पण बेरजेचा आकडा सगळेच सांगतो असे नाही. पशुवैद्यांच्या संघटनेने केलेली पाहणी निराळेच चित्र दाखविते. २००६ अखेर त्या देशात ७ कोटी २१ लाख पाळीव कुत्री होती, ती २०११ अखेर ६ कोटी ९९ लाख झाली. मांजरे ८ कोटी १७ लाखांवरून ७ कोटी ४१ लाखांवर आली. वर्षभरात मांजराला एकदाही डॉक्टरकडे न नेणारी घरे ३६ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांपर्यंत वाढली. कर्जापायी घर गेले त्या कुटुंबांपैकी कित्येकांना भाड्याच्या जागेत जनावर नेता आले नाही. ज्यांना परवडले त्यांनी अधिक खर्च केला. ज्यांना परवडले नाही, ते बेरजेत दिसलेच नाहीत.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अन्नाचा खर्च रोजचा. जनावर भुकेले झाले की ते आपल्या तोंडाकडे पाहते. लशीचा खर्च मात्र मुका असतो, म्हणून काट प्रथम त्याच्यावर पडते, आणि तीच काट सर्वांत महाग पडते. 'पार्व्हो' या रोगाची लस चुकविली आणि पिलाला तो रोग जडला, तर दिवसचे दिवस सलाईन लावावे लागते. लशीच्या कितीतरी पट पैसे जातात, आणि पिलू वाचेलच असे नाही. रेबीजची लस चुकविणे तर घरातल्या मुलांच्याही जिवावर बेतणारे आहे. काटकसर करावयाचीच तर शोभेचा पट्टा, खेळणी, डब्यातले महागडे खाणे यांत करावी.

गरिबाने जनावर पाळूच नये काय? १९१७ साली, महायुद्ध चालू असताना, मारिया डिकिन या बाईंनी लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत एका तळघरात जनावरांचा मोफत दवाखाना उघडला. गरिबाकडे माया कमी नसते, फक्त पैसा कमी असतो, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडेही मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. अशा संस्था सुबत्तेत चालवाव्या लागतात, तेव्हाच त्या अडचणीत उपयोगी पडतात.

पिलू घरी आणण्यापूर्वी प्रत्येकाने एवढाच हिशेब करावा: पुढील दहा-बारा वर्षांत एखादे वर्ष वाईट येणारच, त्या वर्षी याला काय घालू? महिन्याला थोडी रक्कम त्याच्या नावाने बाजूला पडली, तर वाईट वर्ष निभावते. आपली नोकरी गेली, हे त्याला कळत नाही. संध्याकाळी ते नेहमीसारखेच दाराशी उभे असते.